दोनच माणसांची गाडी

माझं लग्न झालं तेव्हा सासरी अकरा माणसं होती, मी बारावी. निर्मळच्या बाजूला केळीची वाडी, वाडीत कौलारू घर आणि त्या घरात आम्हा नवराबायकोला दिलेली खोली म्हणजे फळ्यांचा आडोसा. फळ्या डोक्यावर हातभर जाऊन थांबायच्या. एका बाजूला धाकटा दीर अभ्यास करायचा, दुसऱ्या बाजूला नणंद शिवणयंत्र चालवायची. नव्या जोडप्याला एकांत कशाला लागतो याबद्दल लोकांच्या ठरलेल्या कल्पना असतात. मला विचाराल तर एकांत लागतो भांडायला. कुजबुजत भांडता येत नाही, मी करून बघितलंय. "तुम्ही माझ्या आईला असं का बोललात?" हे वाक्य कुजबुजून म्हटलं की त्यातला अर्धा राग गळून जातो, आणि पलीकडे नणंदेचं यंत्र थांबतं ते वेगळंच.

त्यात पुन्हा "अहो". माझं माहेर केळव्याचं, मी डी.एड. झालेली, आगाशीच्या शाळेत शिकवायला जाणारी; पण घरात नवऱ्याला अहोजाहो करायचं हे ठरलेलं. "अहो" म्हणून माणसावर नीट चिडता येत नाही.

अशा वेळी गाडी आली. आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. कळंबला समुद्रकाठी मुंबईच्या एका गृहस्थांचा बंगला होता आणि त्यांच्याकडे एक विलायती स्पोर्ट्स कार होती. लाल, बसकी, वर कॅनव्हासचं छप्पर आणि आत दोनच सीटा. महिन्यातून एकदा तरी ती वाळूत रुतायची किंवा रस्त्यात बंद पडायची. माझा नवरा नोकरीने मुंबईच्या कचेरीतला कारकून, पण हात मेकॅनिकचे. रविवारी जाऊन तो ती चालू करून द्यायचा. ते गृहस्थ परदेशी निघाले तेव्हा चांगल्या म्हशीला पडतात तेवढ्या पैशांत त्यांनी गाडी त्यालाच देऊन टाकली.

"म्हैस घेतली असती तर दूध तरी दिलं असतं," सासरे म्हणाले. त्यांना सगळे आबा म्हणत. "हिला उलट आपणच पाजायचं."

मला मात्र गाडी बघताक्षणी तिच्यातली सर्वात मोठी सोय दिसली. तिच्यात तिसरं माणूस बसूच शकत नव्हतं. दीर म्हणाला, मी मागे लटकतो. मागे लटकायला काही नव्हतंच. नणंद म्हणाली, वहिनी, मी तुमच्या मांडीवर बसते. मी म्हटलं, गिअर टाकायला जागा राहणार नाही. गिअरचं मला तेव्हा ओ की ठो कळत नव्हतं, पण आवाजात मास्तरकी होती.

मग दर रविवारी दुपारचं जेवण झालं की आम्ही निघायचो. वाडीचं फाटक ओलांडेपर्यंत मी "अहो" म्हणायचे. फाटकाबाहेर पडलं, रस्त्याला लागलं की "अरे". त्या "अरे"साठी मी आठवडाभर थांबायचे. कळंबला सुरूच्या झाडांखाली गाडी लावायची आणि सहा दिवसांची साठलेली भांडणं एकेक करून काढायची, मोठ्या आवाजात, हातवारे करत. कोळणी मासे वाळवायच्या त्या आमच्याकडे बघून हसायच्या. भांडणं संपली की मग आम्ही पाण्यात पाय बुडवून चालायचो आणि तो मला कचेरीतल्या साहेबाची नक्कल करून दाखवायचा. घरात हा माणूस इतका विनोदी आहे हे मला कळलंच नसतं.

आठवड्याचे बाकीचे दिवस गाडी छपरीत उभी असायची. तिचा उपयोग सासूबाईंनी शोधून काढला. आमच्याकडे केळीचे घड उतरवले की घरापुरत्या फण्या पेंढ्यात झाकून पिकत घालतात. एकदा सासूबाईंनी सहज दोन फण्या गाडीच्या डिकीत ठेवल्या. छपरीवर दिवसभर ऊन, डिकी बंद. तिसऱ्या दिवशी केळी अशी पिवळीधमक झाली की त्यांनी पेंढा गुरांना घालून टाकला. तेव्हापासून डिकी त्यांची. विलायतेतल्या कारागिरांनी ती कशासाठी बनवली होती कोण जाणे, पण केळ्यांना ती फार मानवली.

असं दोन वर्षं छान चाललं होतं. मग नालासोपाऱ्याला आबांच्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न निघालं. घरातली सगळी मंडळी एसटीने निघाली, आम्ही दोघं गाडीने. वाटेत एसटी एका थांब्यावर उभी होती. खिडकीत आबा. डोक्यावर टोपी, मांडीवर आहेराची पिशवी, शेजारणीची कोंबडी पायात. आम्ही बाजूने गेलो आणि मी, मला आजही कळत नाही मला काय अवदसा आठवली, मी त्यांना हात केला. राजघराण्यातल्या बायका करतात तसा, फक्त मनगटातून. सगळी एसटी हसली.

लग्नात आबा जेवले नाहीत. घरी आल्यावर म्हणाले, "पोरगा राजा, सून राणी आणि बाप कोंबडीशेजारी. ही गाडी काढा. चार दारांची आणा. सगळ्या घरानं बसायची."

आबांपुढे नवरा बोलत नसे. पुढच्या रविवारी सुरूंखाली आम्ही भांडलोसुद्धा नाही, नुसते बसून राहिलो. चार दारं म्हणजे काय ते दोघांनाही कळत होतं. पुढच्या सीटवर आबा, मागे सासूबाई, नणंद, मी, माझ्या मांडीवर कोणाचं तरी पोर. आणि त्या गाडीत जन्मभर "अहो".

मुंबईला जुन्या गाड्या घेऊन बदल्यात दुसरी देणारा एक मोठा व्यापारी होता. जुन्या गाडीची किंमत ठरवायची, वरचे पैसे भरायचे आणि शोरूममधली दुसरी घेऊन यायची. जायचं आबा आणि माझ्या नवऱ्याने असं ठरलं. पण आदल्या दिवशी आबा सवय व्हावी म्हणून गाडीत बसून पाहायला गेले तर त्यांचे गुडघे हनुवटीला लागले आणि बाहेर काढायला दोन माणसं लागली. मग त्यांनी मला बोलावलं. "तू जा त्याच्याबरोबर. मास्तरीण आहेस, इंग्रजी कागद वाचशील. तो भोळा आहे, शेठ त्याला गुंडाळील. तू लक्ष ठेव."

म्हणजे सौदा मोडावा म्हणून जी जीव टाकत होती तिलाच त्यांनी राखण म्हणून पाठवलं. यात माझा काय दोष?

निघायच्या दिवशी सकाळी सासूबाईंनी विचारलं, "डिकीतली केळी काढलीस का गं?"

"हो, काढली," मी म्हटलं.

काढली नव्हती. पिशवीत चार फण्या होत्या, पाच दिवसांच्या. डिकीजवळ गेलं तरी घमघमाट यायचा आणि फटीतून चिलटं ये-जा करत होती. माझा विचार सरळ होता. डिकी उघडली की शेठ नाकाला रुमाल लावील आणि आम्हाला हाकलून देईल. नाहीच हाकललं तर मी बाकीचं बोलणारच होते. खोटं बोलणार नव्हते. त्या गाडीच्या बाबतीत खऱ्यानेच काम भागत होतं.

शोरूमच्या दारात काच, आत धुतलेल्या गाड्यांची रांग. शेठ पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, तोंडात सुपारी. त्याचा मेकॅनिक गाडीभोवती फिरू लागला. शेठने नवऱ्याला विचारलं, "चालते कशी?"

नवऱ्याने तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "उतारावर छान."

"छप्पर गळते?"

"पाऊस पडताना नाही. पाऊस थांबला की. वर साठलेलं सगळं पाणी एकदम मांडीवर येतं."

"हॉर्न?"

"आहे. पण डावीकडे वळताना आपोआप वाजतो. एकदा प्रेतयात्रेत वाजला होता."

नवरा माझ्याकडे बघत होता. शेठ सुपारी चघळायचा थांबला. मग म्हणाला, "डिकी उघडा."

मी मनातल्या मनात ग्रामदेवीला नारळ बोलले. मेकॅनिकने डिकी उघडली. आधी चिलटं बाहेर आली, मग वास. त्या शोरूममध्ये आजवर तेल आणि पॉलिश याशिवाय कशाचा वास आला नसावा. शेठ वाकला. बराच वेळ वाकूनच राहिला.

"वसईची?" त्याने विचारलं.

"निर्मळची," मी म्हटलं. वसई म्हटलेलं आम्हाला खपत नाही.

त्याने एक केळं तोडलं, सोललं, खाल्लं. डोळे मिटून. मग दुसरं. तिसरं त्याने मेकॅनिकला दिलं आणि चौथं पुन्हा स्वतः घेतलं. "लहानपणी माझे वडील वसईहून अशी आणत," तो म्हणाला. "बाजारात आता असला केळा मिळत नाय." मग तो माझ्याकडे वळला. "बाई, तीस वर्षं झाली मला ह्या धंद्यात. गाडीची खोड सांगणारं गिऱ्हाईक मी पहिल्यांदा बघतोय. खोडी इतक्या खऱ्या सांगता म्हणजे इंजिनाचं तुमचे मिस्टर सांगतील तेपण खरंच असणार."

माझा नवरा भोळेपणाने म्हणाला, "इंजिन मी स्वतः बांधलंय. त्यात काही नाही." आणि ते खरंच होतं.

अर्ध्या तासात सौदा झाला. आम्ही मनात धरली होती त्याहून किंमत चांगलीच आली, कारण एका सिनेमावाल्याला नेमकी अशीच लाल, बसकी गाडी हवी होती. वरचे पैसे थोडेच भरावे लागले. बदल्यात सायीच्या रंगाची, चार दारांची, सीटांवर अजून प्लॅस्टिक असलेली गाडी मिळाली. शेठने उरलेली केळी ठेवून घेतली आणि रिकामी पिशवी मला घडी करून परत दिली. इतका नीट हरलेला डाव मी नंतर कधी खेळले नाही.

परत येताना खाडीच्या पुलावर आल्यावर तो म्हणाला, "केळी तू मुद्दाम ठेवलीस."

"हो."

"सकाळी पाना काढायला मी डिकी उघडली होती. बघितली मी." त्याने गिअर बदलला. "परत लावून टाकली."

मी त्याच्याकडे बघत राहिले. आबांपुढे तोंड न उघडणारा माझा नवरा! मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. फाटक येईपर्यंत मी त्याला किती वेळा "अरे" म्हटलं ते मोजलं नाही.

घरी नारळ फुटला, चाकांखाली लिंबं ठेवली गेली. आबा पुढच्या सीटवर जाऊन बसले ते जेवायला हाक मारली तरी उठेनात. महिन्याभरात निर्मळची जत्रा आली आणि गाडीत मावलं तेवढं घर निघालं. जत्रा खरं तर चालत जायच्या अंतरावर, पण गाडी दाखवायची होती म्हणून आगाशीवरून वळसा घालून जायचं ठरलं. सासूबाई खिडकीशी बसल्या. ठेवणीतलं लुगडं, अंबाड्यावर अबोलीचा गजरा. चिरेबंदी विहिरीपर्यंत गेलो असू तोच त्यांनी तोंडाला पदर लावला.

"थांबव रे. मला गाडी लागते."

गाडी थांबली. त्या उतरल्या. मग आबांना म्हणाल्या, "तुमी पण उतरा. मला चक्कर आली तर धरायला कोण?" मग नणंदेला, "तू हो खाली, पिशवी घे." दिराला, "आणि तू काय बसलास? सगळ्यांनी चालत जाऊ. पाय मोकळे होतील." शेवटचा थांबा आल्यावर कंडक्टर एसटी रिकामी करतो तशी त्यांनी गाडी रिकामी केली. मीही दाराशी हात नेला तर म्हणाल्या, "तू कुठं? त्यानं एकट्यानंच गाडी न्यायची का? जा तुमी दोघं."

आबा पुटपुटत चालू लागले. आम्ही दोघं गाडीत. विहीर मागे पडल्यावर मी म्हटलं, "अरे, बिचाऱ्या आईंना गाडी लागते." आणि आम्ही दोघं इतके हसलो की गाडी थांबवावी लागली.

त्यानंतर ते ठरूनच गेलं. लग्नकार्याला आबा ऐटीत पुढे बसून जायचे, सासूबाई एसटीने. आणि रविवार आला की "मला लागते बाई ती गाडी, मला सोडून कोणी जाऊ नका," असं म्हणून त्या बाकीच्या सगळ्यांना कामाला जुंपायच्या आणि आम्ही दोघं कळंबला. एसटी त्यांना कशी लागत नाही, हा प्रश्न मला पडायला हवा होता. केळीने भरलेल्या ट्रकमध्ये घडांवर बसून त्या विरार स्टेशनापर्यंत जाऊन आलेल्या, हेही मला माहीत होतं. पण माझं काम भागत होतं. आपलं काम भागत असलं की माणूस फार खोलात शिरत नाही, निदान मी तरी शिरत नाही.

असं वर्षभर चाललं. एका बुधवारी शाळा दुपारीच सुटली आणि मी वाडीच्या मागच्या वाटेने घरी आले. घरात सामसूम. छपरीत गाडी उभी होती आणि तिच्या मागच्या दाराशी जमिनीवर वहाणांचा जोड काढून ठेवलेला होता. नीट शेजारी शेजारी, देवळाबाहेर ठेवतात तसा.

आत सासूबाई बसल्या होत्या. एकट्याच. खिडकीची काच खाली, काचेवर कोपर. गाडी जागची हलत नव्हती, समोर नुसती कुडाची भिंत, पण त्यांची नजर रस्त्यावर असावी तशी लांब लागलेली. मध्येच त्या जराशा उजवीकडे कलल्या, वळण आल्यासारख्या. मग त्यांनी हात वर केला आणि कोणाला तरी केला. फक्त मनगटातून.

मी तिथेच केळीच्या आड उभी राहिले. मला माझी लाज वाटली. अशी लाज मला त्याआधी वाटली नव्हती आणि नंतरही फारशी वाटली नाही. मी एका सीटसाठी केळी लपवली होती, शेठपुढे तोंड सोडलं होतं, डावपेच केले होते आणि स्वतःला फार हुशार समजत होते. ह्या बाईने काहीही न करता, एक पदर तोंडाला लावून, आपली सीट मला देऊन टाकली होती. आणि तिला गाडीत बसायचं होतं. किती बसायचं होतं!

मी पावलं न वाजवता मागे फिरले, पुढच्या फाटकाने आले आणि कडी मुद्दाम जोरात आपटली. छपरीपाशी पोचले तेव्हा सासूबाई डिकीशी उभ्या होत्या, हातात फणी. "पिकली का ते बघायला आले," त्या म्हणाल्या. वहाणा त्यांनी उलट्या पायांत घातल्या होत्या.

त्याच रविवारी गाडी फाटकाबाहेर काढल्यावर मी पोटावर हात धरला आणि पदर तोंडाला लावला. सासूबाई दारात उभ्या होत्या.

"आई, मला गाडी लागतेय," मी म्हटलं. "ह्यांना एकट्यालाच जावं लागेल. तुम्ही जाता का सोबतीला?"

त्यांनी माझ्याकडे टक लावून पाहिलं. मी डोळे खाली केले नाहीत. त्या आत गेल्या आणि ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या. पुढच्या सीटवर बसल्या, माझ्या नवऱ्याच्या शेजारी, वहाणा पायांत ठेवून. गाडी गेली. मी दारात उभी राहून पाहत राहिले. खरं सांगायचं तर माझा रविवार गेला म्हणून थोडं वाईटही वाटलं. मी काही संत नाही.

दिवेलागणीच्या आधी त्या परत आल्या. गजरा वाऱ्याने विस्कटलेला, लुगड्याचा काठ ओला, पायांना वाळू. मी विहिरीवरून पाणी काढून त्यांच्या पायांवर ओतत होते. बाकी कोणी जवळ नव्हतं.

"तुमी दोघं तिथं काय करता गं?" त्यांनी विचारलं. "तिथं तर काहीच नाय. नुसती सुरूची झाडं."

"भांडतो," मी म्हटलं.

त्या इतक्या हसल्या की त्यांना विहिरीच्या काठावर बसावं लागलं. हसणं ओसरल्यावर त्यांनी पदराने पाय पुसले आणि माझ्या हातातली कळशी घेतली.

"असं करू," त्या म्हणाल्या. "एका रविवारी मला लागंल, एका रविवारी तुला."